कनिष्ठेचा मुचलका

महालक्ष्म्या बसलेल्या घरात आवाज चढवायचा नाही, हा मोहरिलांकडचा जुना दंडक. त्या बुधवारी तो इतका कसोशीने पाळला गेला की जेवायला आलेली मंडळीच बिचकली. ‘अजून एक पोळी घ्याच’ असा आग्रह नाही, पडवळाच्या कढीत मीठ कमी पडलं म्हणून दरवर्षी होणारी थट्टा नाही. दोघी जावा वाढत होत्या, पण एकीने दुसरीकडे मान वर करून पाहिलं नाही. पाहुण्यांनी काय ते ओळखलं, विडे उचलले आणि भोपाळातल्या बाग सेवनियाच्या त्या गल्लीतून काढता पाय घेतला. चार वाजता खालच्या हॉलमध्ये उरले ते घरचे पाच जण, आणि फुलोऱ्याखाली जरीची लुगडी नेसून उभ्या असलेल्या ज्येष्ठा आणि कनिष्ठा.

भांडण कशावरून ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाशी भांडायचं, एवढंच ठरायचं होतं.

शनिवारी सकाळी ठाण्यातला एक शिपाई जिना चढून वर गेला होता. वर सुमन राहते, विनायकची बायको, आणि तिचा मुलगा कौस्तुभ. विनायक जाऊन सहा वर्षं झाली. खाली विनायकचे थोरले भाऊ नरहरराव आणि त्यांची बायको सिंधू. घर एक, स्वयंपाक दोन, महालक्ष्म्या मात्र एकच. शिपायाने कौस्तुभच्या हातात नोटीस ठेवली. तुमच्या वागण्याने मोहल्ल्याची शांतता बिघडण्याची शक्यता आहे, तेव्हा पुढच्या शुक्रवारी हजर होऊन सांगा की वर्षभर नीट वागण्याचा मुचलका, म्हणजे हमीचा कागद, तुमच्याकडून का लिहून घेऊ नये. भोपाळात याला सगळे ‘बाउंड ओवर’ म्हणतात, आणि ज्याच्यावर होतं त्याच्याकडे शेजारीपाजारी जरा वेगळ्याच नजरेने बघू लागतात.

आता कौस्तुभने असं केलं तरी काय होतं? कॉलनीच्या मैदानाला समितीच्या अध्यक्षाने पत्रे ठोकले, तिथे लग्नाचं गार्डन काढायचा घाट घातला. पोरांनी दोन संध्याकाळी पत्र्यांसमोर उभं राहून घोषणा दिल्या. पोरांत हा होता. सगळ्यांच्या पुढे पिंटू होता, नगरसेवकाचं तिकीट मिळेल या आशेने शहरातल्या प्रत्येक भानगडीत पुढे असणारा. हाणामारी नाही की दगडफेक नाही. एरवी सुमनने तो कागद हसण्यावारी नेला असता. पण कौस्तुभला सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली होती. पोलिसांकडून ‘चालचलन ठीक’ असा अहवाल गेला की रुजू व्हायचं. त्या अहवालात ‘शांतिभंगाची कारवाई चालू’ एवढं एक वाक्य जाऊन बसलं असतं, की नोकरीचं पाणी झालं असतं. दोन बस बदलून अरेरा कॉलनीतल्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या सुमनने याच एका दिवसासाठी सहा वर्षं काढली होती.

आणि नोटिशीखाली सही होती सहायक पोलिस आयुक्तांची. म्हणजे एसीपींची. या भागाच्या एसीपी म्हणजे प्राजक्ता. नरहररावांची एकुलती एक मुलगी.

“जेवलीस ना पोटभर?” सुमनने विचारलं.

प्राजक्ता खाली मांडी घालून सांडलेल्या अक्षता वेचत होती. “हो काकू.”

“बरं झालं. उपाशी गेली असतीस तर उद्या त्याचीही नोटीस यायची आम्हाला.”

“सुमन, आज नको ग,” सिंधू हळूच म्हणाली. “पोरी बसल्यात.” पोरी म्हणजे महालक्ष्म्या.

“मी कुठं काय म्हणाले, वहिनी? पोरीशीच तर बोलतेय. आपल्या पोरीशी.” सुमनचा आवाज खालीच होता. “ज्या माणसानं हिला सायकल शिकवली, हबीबगंजच्या रेल्वे मैदानावर मागं मागं पळून, त्याच्याच पोराला हिनं गुन्हेगार ठरवलं. आणि वरून पुरणपोळी खायला आली. गल्लीच्या तोंडाशी जीप उभी करून! सगळ्या कॉलनीनं पाहिली ती जीप.”

“काकू, गणपतीच्या आधी प्रत्येक ठाण्याकडून असे गठ्ठे येतात. ठाणं कागद तयार करून पाठवतं, त्याला इस्तगासा म्हणतात. माझा रीडर नोटिसा टाइप करतो, मी सह्या करते. त्या संध्याकाळी मी ढिगानं सह्या केल्या. हे नाव वाचलंच नाही मी. चुकलं माझं.”

“वाचलं नाही! अग, स्वतःचं आडनाव वाचलं नाहीस?”

प्राजक्ताने वेचलेल्या अक्षता ताटलीत टाकल्या. खरं होतं ते. नवरात्र, गणपती, मोहरम, कशाच्याही आधी गठ्ठे येतात आणि सही करणारा माणूस नावं वाचायचं सोडून देतो. याची तिला लाज वाटत होती आणि ती कुणापुढे बोलता येत नव्हती.

“कळल्याबरोबर डीसीपी साहेबांना लिहून दिलं,” ती म्हणाली. “की हा माझा चुलतभाऊ आहे, ही फाइल मी ऐकणार नाही. आता ती दुसऱ्या भागाच्या एसीपींकडे गेलीय.”

“म्हणजे हात झटकलेस.”

“नियम पाळला.”

“तुझ्या टेबलावर होती तेव्हाच फाडून टाकायची होतीस.”

“मी भावाची फाडली की दुसरा मेव्हण्याची फाडेल. मग तुम्हीच म्हणाल, पोलिसांत सगळा घरचा कारभार आहे.”

“आई, बस कर ना यार,” कौस्तुभ दाराला टेकून उभा होता. “ताई थोडीच ठाण्यात जाऊन बोलली की मेरा भाई गुंडा है. तिच्याकडे तर खालून आलं.”

“मग कोण बोललं?” सुमनने वळून विचारलं. “घोषणा वीस पोरांनी दिल्या. नोटीस तुला एकट्याला. पिंटूला नाही. पोलिसांना काय स्वप्न पडलं तुझ्या नावाचं?”

नरहरराव खिडकीजवळच्या खुर्चीत अडकित्त्याने सुपारी कातरत होते. कातरलेली सुपारी वाटीभर झाली होती, तरी ते थांबत नव्हते.

“माहिती कुणी दिली ते ठाणं सांगत नाही,” प्राजक्ता म्हणाली. “सांगायचंही नसतं.”

“सांगायचं नसतं, की तुला ठाऊक आहे आणि तू लपवतेस?”

आता सुमनने हा बाण अंधारात मारला होता, पण तो बसला. कारण प्राजक्ताला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण चार दिवसांपासून तिच्या मनात एक संशय होता आणि तो तिला झोपू देत नव्हता. ठाणेदाराला तिने फोनवर एवढंच विचारलं होतं की या मुलावर आधी काही आहे का. तो म्हणाला, “नहीं मैडम, पर ख़बर भरोसे की थी,” आणि मग उगाचच खोकला. तिने आधी पिंटूवर संशय घेतला. मग समितीच्या अध्यक्षावर. मग एका रात्री हिशेब लावला तेव्हा तिच्या लक्षात आलं की शनिवारपासून सगळ्यांनी तिला फोन केला. आईने रडत, कौस्तुभने हसत, काकूने काही न बोलता ठेवून देत. फक्त बाबांनी केला नाही.

जो माणूस जन्मभर कलेक्टरीत, एसडीएमच्या, म्हणजे प्रांतसाहेबांच्या, कोर्टात रीडर होता. साहेबासमोर फाइल ठेवायची, तारखा द्यायच्या, साक्षीदाराने कुठे उभं राहायचं ते बोटाने दाखवायचं, हे ज्याचं काम. ज्याला या असल्या नोटिशींच्या सगळ्या पळवाटा पाठ, त्याने पुतण्याच्या नोटिशीबद्दल एक अक्षर विचारू नये? पोलिसाच्या नोकरीत एक गोष्ट ती शिकली होती. ज्याला आधीच ठाऊक असतं तो विचारत नाही. आणि आज सकाळी स्वयंपाकघरात आई सहज बोलून गेली होती, “तुझे बाबा आठवड्यात दोन-तीनदा कलेक्टरीत जाऊन आले. कडक इस्त्रीचा शर्ट घालून जातात, तोंड पाडून येतात. काय करतात तिथे देव जाणे.”

म्हणून प्राजक्ता गप्प बसली. बापाचं नाव घेण्यापेक्षा काकूचे शब्द ऐकून घेणं तिला सोपं वाटलं.

“बघा,” सुमन म्हणाली, “कशी गप्प झाली. वहिनी, मी तुम्हाला आजच सांगते. पुढच्या वर्षापासून आमच्या महालक्ष्म्या वेगळ्या. मी मातीच्या आणून बसवीन, पण या घरात पाय ठेवणार नाही. जिच्या सहीनं माझ्या पोराच्या तोंडचा घास गेला तिच्या पंक्तीला मी बसणार नाही.”

“अग असं काय बोलतेस!” सिंधू घाबरली. मोहरिलांच्या महालक्ष्म्या नागपूरहून आल्या होत्या, मध्य प्रदेश राज्य नवं झालं आणि कचेऱ्या इकडे भोपाळला आल्या तेव्हा आजेसासऱ्यांच्या ट्रंकेतून. भाऊ वेगळे झाले, स्वयंपाक वेगळे झाले, पण मुखवटे कधी वेगळे झाले नव्हते.

“बोलतेच. खाकी चढली की माणूस घरचा राहत नाही.”

“पोरीला काही बोलू नकोस, सुमन,” नरहरराव एकदम म्हणाले. अडकित्ता थांबला. “तिचा काय दोष? ती फाइल तिच्याकडे जायचीच नव्हती.”

“जायची नव्हती म्हणजे?” सुमनने विचारलं.

नरहररावांनी वाटीतली सुपारी चाचपली. “म्हणजे... सहसा अशी फाइल एसडीएमकडे...”

“दादा,” सुमन उठून उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिरासमोर ती अशी कधी उभी राहिली नव्हती. “फाइल कुठे जायची होती हे तुम्हाला कसं ठाऊक?”

सिंधूने पदर तोंडाला लावला. कौस्तुभ दारातून आत आला. प्राजक्ताने डोळे मिटले, तिचा चार दिवसांचा संशय खरा ठरला होता आणि तिला त्याचं काहीच समाधान नव्हतं.

“मीच सांगितलं ठाण्यात,” नरहरराव म्हणाले.

“तुम्ही!”

“ऐकून तर घ्या! पोरगा त्या पिंटूच्या नादी लागला होता. पिंटूचं काय जातं? पोलिस लाठी घेऊन आले की तो पळणार, मागे सापडणार आपला. खरी केस झाली असती, एफआयआर. मग? म्हणून म्हटलं, जरा धाक बसू दे. मी जन्मभर हेच पाहिलं ना. लोक यायचे माझ्याकडे, ‘बाबूजी, लड़के को ज़रा डरा दो.’ चांगल्या घरचे लोक. कलम एकशेसातची नोटीस, एकदा पेशीला हजर राहायचं, एसडीएम साहेब दोन शब्द सुनावणार, पोरगं घामाघूम होणार, आणि महिन्याभरात फाइल दाखल दफ्तर. कुणाचं काही बिघडलं नाही कधी. तिथे अजून आपला बाळू बसतो, मी हाताला धरून काम शिकवलेला पोरगा. त्याला सांगून ठेवलं असतं...”

“मग सांगितलं?” प्राजक्ताने विचारलं.

“गेलो होतो. फाइलच सापडेना. तो म्हणाला, बाबूजी, हे आता इकडे येतच नाही.”

“किती वर्षं झाली येत नाही, बाबा. कमिशनरी आली तेव्हापासून. आणि त्याला आता एकशेसात नाही, एकशे सव्वीस म्हणतात.”

“पेपरात वाचलं होतं मी. एसपीच्या जागी कमिशनर आले, झोन झाले, डीसीपी झाले. म्हटलं, पाट्या बदलल्या. पोलिस काय कोर्ट भरवणार?”

“भरवतात. मी भरवते. नवीन नवीन आले तेव्हा घरी येऊन तुम्हालाच आधी सांगितलं होतं, की बाबा, आता मुचलक्याची पेशी माझ्यासमोर होते. आठवतंय? तुम्ही हसलात.”

नरहररावांना आठवलं. याच खुर्चीत बसून ते हसले होते. “मला वाटलं तू बढाई मारतेस,” ते पुटपुटले.

आणि हेच खरं होतं. अख्ख्या शहराला कळलं होतं की कलेक्टरीतला अधिकार पोलिसांकडे गेला, फक्त नरहरराव मोहरिलांना कळलं नव्हतं, कारण तो अधिकार त्यांच्या मुलीच्या हातात होता. कुणी परका एसीपी असता तर त्यांनी चटकन विश्वास ठेवला असता.

“पण हे बरोबर आहे का?” त्यांचा आवाज चढला. दंडक मोडला गेला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. “पूर्वी पोलिसांनी धरायचं आणि कलेक्टरीनं सोडायचं. दोन दारं होती. मधे माणसाला श्वास घ्यायला जागा होती. आता धरणारे तुम्ही, ऐकणारेही तुम्ही! तुझ्यावर कोण?”

“डीसीपी.”

“त्यांच्यावर?”

“अॅडिशनल साहेब. मग कमिशनर.”

“सगळी खाकीच! आणि कमिशनरवर?”

“सरकार.”

“म्हणजे गरिबानं जायचं कुठे?”

“कोर्टात जायचं, बाबा. खऱ्या कोर्टात. तुमचा प्रश्न चुकीचा नाही, मलाही पडतो. रोज पडतो. पण त्या दोन दारांच्या मधे जी जागा होती ना, तिथे गरीब नव्हता बसलेला. तिथे तुम्ही होता. आणि बाळू. ज्याची ओळख त्याची फाइल दफ्तरात, ज्याची नाही तो तारखांवर तारखा.”

नरहररावांचा चेहरा उतरला. एवढं त्यांना कुणी साहेबसुद्धा बोलला नव्हता.

कौस्तुभ त्यांच्या समोर येऊन बसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. “मोठे बाबा, मला एकदा बोलायचं होतं ना. डायरेक्ट.”

“तू ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं. भांडलो असतो तुमच्याशी. पर नौकरी तो नहीं जाती.”

सुमनने इतका वेळ जिच्यावर राग काढला ती समोर बसून अक्षता वेचत होती, आणि ज्याच्या पाया पडून ती सणाची सुरुवात करत आली तो माणूस सुपारीच्या वाटीकडे बघत होता. तिला रडू येत होतं आणि ती रडणार नव्हती. “यातून वाट कशी निघेल?” तिने प्राजक्ताला विचारलं. काकूसारखं नाही, पक्षकारासारखं विचारलं.

“शुक्रवारी ज्यांच्यासमोर आहे ते एसीपी कुणाचं ऐकत नाहीत. मी बोलू शकत नाही, बोलणारही नाही. पण चौकशीत साक्ष होते. ज्यानं माहिती दिली त्यानंच उभं राहून खरं काय ते सांगितलं, तर त्यांना फाइल बंद करावी लागेल. शुक्रवारी बंद झाली तर अहवाल स्वच्छ जाईल. पुढची तारीख पडली तर त्याआधीच अहवाल गेलेला असेल.” तिने वडिलांकडे पाहिलं. “तुम्ही ठाण्यात काय सांगितलंत, बाबा?”

“की पोरगा हाताबाहेर गेलाय. मारामारीच्या गोष्टी करतो.”

“करत होता?”

“...नाही.”

“मग तेच सांगायचं. उलट तुमच्यावर येऊ शकतं, खोटी माहिती दिली म्हणून. सगळ्यांसमोर शोभा होईल. पण दुसरी वाट नाही.”

नरहररावांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “मी बाळूला एकदा विचारून बघतो. त्याची ओळख असेल तिकडे कुणाशी...”

सुमन ताटं न उचलता जिना चढून वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोळवण. दहीभाताचा नैवेद्य झाला, शिदोरी बांधली, सिंधूने अक्षता टाकून मुखवटे जागचे हलवले आणि डोळे पुसले. प्राजक्ता बंदोबस्तातून तासाभरासाठी युनिफॉर्मवरच आली होती, दारात बूट काढून. सुमन खाली येईल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. ती आली. मुकाट्याने हळदीकुंकू वाहिलं, लुगडी उतरवायला सिंधूला मदत केली, फुलोऱ्याच्या करंज्या सोडवल्या. सिंधूला वाटलं, निवळलं सगळं.

मग सिंधूने ज्येष्ठेचा मुखवटा मऊ फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. कनिष्ठेचा सुमनने गुंडाळला. आणि ट्रंकेत ठेवला नाही. पोटाशी धरून ती उभी राहिली.

“आण, दे,” सिंधू म्हणाली.

“नाही, वहिनी. ही वर राहील.”

“अग, दोघी कधी वेगळ्या...”

“ठाऊक आहे. म्हणूनच.” सुमन नरहररावांकडे वळली. आवाज तिने चढवला नाही. “दादा, तुम्ही उद्या शुक्रवारी जा. बाळूकडे नाही, त्या एसीपींसमोर. उभं राहून खरं ते सांगा. सांगून आलात की मी स्वतः हिला खाली आणून ठेवीन. तोवर हा तुमचा मुचलका.”

सिंधू मटकन पाटावर बसली. ज्या खात्यात प्राजक्ताने एवढे मुचलके पाहिले तिथे असा एकही पाहिला नव्हता. नरहरराव उठले. त्यांना वाईट वाटलं, राग आला, आणि सगळ्यात आधी तोंडून निघाली ती चाळीस वर्षांची सवय.

“मुचलक्याला जामीनदार लागतो,” ते म्हणाले. “कोण राहतोय माझा?”

त्यांनी सिंधूकडे पाहिलं. सिंधूने ट्रंकेचं झाकण लावलं आणि वर बघितलंच नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं. प्राजक्ताने हळूच मान हलवली, तिला राहता येत नव्हतं.

“मी राहतो,” कौस्तुभ म्हणाला.

सुमनने पोराकडे रागाने बघितलं. मुखवटा सावरत ती जिना चढू लागली. नरहरराव पुतण्याकडे बघत राहिले. जामीन राहायला आलेल्या माणसाकडे त्यांनी कोर्टात कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवायचे.

“प्राजक्ता,” त्यांनी मुलीला विचारलं, “तुमच्या कोर्टात साक्षीदारानं कुठे उभं राहायचं असतं ग?”